खांबाजवळचं गिऱ्हाईक

४ मार्च, मंगळवार

येत्या लिलावातला नऊ नंबरचा माल वितळला. एका तरुण शिल्पकाराने बर्फाची खुर्ची केली होती आणि ती काचेच्या थंड पेटीत ठेवून विकायची होती. पेटी बंद पडली. सकाळी शिल्पकार आला, पेटीतल्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, आता हेच माझं काम, फक्त शीर्षक बदला. साहेबांना ते पटलंही होतं. पण शीर्षक ठरेपर्यंत गोदामवाल्यांनी पेटी धुऊन ठेवली होती.

साहेब म्हणजे आमच्या लिलावघरातल्या आधुनिक कलेच्या विभागाचे प्रमुख. हातोडाही तेच मारतात. छापलेल्या कॅटलॉगात एक नंबर रिकामा आणि दालनातली एक अख्खी भिंत रिकामी, म्हणून ते भिंतीपुढे डोक्याला हात लावून उभे होते. मी म्हणालो, माझी मोठी बहीण चित्रं काढते. इतकी वर्षं इथे नोकरी करतोय, पण हे वाक्य आजवर माझ्या तोंडून निघालं नव्हतं. साहेबांनी एकच विचारलं, मोठी आहेत का? मी म्हटलं, मोठी आहेत. त्यांनी माझ्या फोनमधला फोटो आडवा धरून पाहिला, मग उभा धरून पाहिला, आणि चालेल म्हणाले.

दाजी गेल्यापासून ताई आमच्याकडे मागच्या खोलीत राहते आणि चादरी रंगवते. म्हणजे चादरींची चित्रं काढते. घडी घातलेल्या, घडी मोडलेल्या, अर्धी घडी घालून कोणीतरी सोडून दिलेल्या. माणसं का काढत नाहीस असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, माणसं हलतात.

घरी सांगितल्यावर ताई उठून खोलीत गेली. बायको म्हणाली, "अहो, आणि कोणी घेतलं नाही तर? ते सगळ्यांसमोर होणार ना?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

९ मार्च, रविवार

ताईने चित्र निवडलं. निळसर चादर, तिसऱ्या घडीशी थांबलेली. दोघांनी उचलूनही जिन्यातून उतरवताना नाकी नऊ आले.

चित्र गाडीत चढल्यावर ताई मला म्हणाली, "एक सांगून ठेवते. आजवर माझं चित्र ज्यांनी घेतलं ते सगळे आपले. मामा, तुझी सासू, यांचे ऑफिसातले मित्र. बाहेरच्या एका माणसाने तरी घ्यावं, मी कोण हे माहीत नसताना. नाही घेतलं तर मी ती खोली रिकामी करते. तुझी लेक बाळाला घेऊन येते तेव्हा बाहेरच्या खोलीत झोपते, ते मला बरं वाटत नाही."

मी म्हटलं, असं काही बोलू नकोस. ती म्हणाली, मी रागावून बोलत नाहीये, मोजून मापून बोलतेय. ताईचं वय आता सत्तरीला टेकलंय. ती बोलते ते करते. सिगारेटही तिने अशीच एका रविवारी सोडली होती, आणि ती ओढते हे आम्हाला त्याच दिवशी कळलं.

१२ मार्च, बुधवार

राखीव किंमत ठरली. बोली तिथवर पोचली नाही तर माल विकला जात नाही, साहेब 'पुढे जाऊ या' म्हणतात आणि दालनातले लोक कॅटलॉगाचं पान उलटतात. तो पान उलटण्याचा आवाज मी फार वेळा ऐकलाय. आज जेवताना तोच कानात होता.

माझं काम इथे लिहून ठेवतो. ज्यांना दालनात यायचं नसतं त्यांच्यासाठी आमचं फोनचं टेबल असतं. लिलाव चालू असताना मी ग्राहकाच्या कानात बोली कुठवर आली ते सांगतो, तो हो म्हणाला की त्याच्या वतीने नंबराची पाटी वर करतो. हळू आवाज हा माझा गुण. पन्नास माणसं श्वास रोखून बसलेली असताना मी असा बोलतो की शेजारच्यालाही कळत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना आम्ही कुजबुज म्हणतो, कारण त्या कुजबुजल्या की मागच्या रांगेतले लोक वळून बघतात.

तर मी ठरवलं की नऊ नंबरला एक फोन माझ्याकडे असेल. शाळेतला मित्र, दातांचा डॉक्टर, नाव नोंदवायला तयार झाला. त्याने फक्त फोन धरून ठेवायचा, बोली मी लावणार, राखीव किंमत ओलांडेपर्यंतच. माझ्याच गळ्यात पडलं तर पैसे माझे, चित्र त्याच्या दवाखान्यात. कर्मचाऱ्याला असं करायला सक्त मनाई आहे. नव्या लोकांना तो नियम मीच वाचून दाखवतो.

रात्री बायकोने विचारलं, फोनवरून बोली लावायला काय काय लागतं? कागदपत्रं कोणती, माहेरचं नाव चालतं का? तिला माझ्या कामात कधी रस नव्हता. बरं वाटलं. सगळं नीट समजावून सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं.

१५ मार्च, शनिवार

लिलावाआधीचं प्रदर्शन. ताईच्या चित्रापुढे लोक थांबत होते, कारण पाण्याचं मशीन तिथेच आहे. एका बाईंनी मला विचारलं, हे विकायला आहे की भिंत झाकली आहे? मी म्हटलं, विकायला आहे. त्या म्हणाल्या, असं होय.

घरी ताईने विचारलं तेव्हा सांगितलं, बरेच जण थांबत होते. खोटं काहीच नाही त्यात.

२० मार्च, गुरुवार

आज लिलाव झाला.

ताई आली नाही. घरीच थांबते म्हणाली. बायकोही आली नाही, तिला गर्दी सोसत नाही. निघताना माझ्या पिशवीत स्वेटर मात्र कोंबला. ती दुपारी तिच्या बहिणीकडे जाणार होती.

आधुनिक कलेचा लिलाव म्हणजे काय होईल त्याचा नेम नाही. तीन नंबरला झोपलेल्या माणसाचा व्हिडिओ होता. काही होत नाही त्यात, एकदा कूस बदलतो. त्यावर दोन सभ्य गृहस्थ असे इरेला पेटले की अंदाजाच्या सहापट गेला. जिंकलेल्याला मखमली डबीत एक पेन ड्राइव्ह मिळाला. पाच नंबरचं चित्र फार नावाजलेल्या माणसाचं, कॅटलॉगाच्या मुखपृष्ठावरचं. त्याला एक पाटी वर आली नाही. साहेब घोटभर पाणी प्यायले आणि पुढे जाऊ या म्हणाले. पानं उलटली. मुखपृष्ठाची ही गत, तर चादरीचं काय?

सात नंबरला मी दातवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे पेशंट होता, मशीनचा आवाज येत होता. मी म्हटलं, तू फक्त हं म्हण.

नऊ नंबर पुकारला आणि दालन गप्प झालं. साहेबांनी सुरुवातीचा आकडा सांगितला. कोणी हललं नाही. साहेबांनी आकडा खाली आणला. तेव्हा मला तो माणूस दिसला. मागे खांबाजवळ उभा होता, अंगात कामावरचं जाकीट, पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. साहेबांकडे बघतच नव्हता, चित्राकडे बघत होता, त्यामुळे त्याने पाटी वर केलीये हे साहेबांना आधी कळलंच नाही. मीच हाताने खूण करून दाखवलं.

जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. बोली राखीव किमतीच्या बरीच खाली होती, आणि अशी माणसं मी ओळखतो. पाटी छातीशी धरणारा हौशी असतो. पहिल्याच पायरीला घसरतो. त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. मी पाटी वर केली.

त्याने पुन्हा वर केली. मग माझ्या शेजारून कुजबुजबाईंची पाटी वर आली. त्यांच्या फोनवर कोणीतरी होतं. फोनवरचं गिऱ्हाईक म्हणजे पक्कं. ज्याला खरंच घ्यायचं असतं तो समोर येत नाही, हे आमच्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक आहे.

मी, तो, कुजबुजबाई. मी, तो, कुजबुजबाई. राखीव किंमत ओलांडली. इथे मी थांबायचं, असं ठरलं होतं.

मी थांबलो नाही. शेजारी खरीखुरी पार्टी बसलेली, ताईचं चित्र तिला हवंच आहे, मग थोडं ताणून धरायला काय हरकत? इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी ताणलं, एकदा बहिणीसाठी. दातवाला मध्येच म्हणाला, अरे, तू कुठवर जाणार आहेस? मी म्हटलं, समोर खरं गिऱ्हाईक आहे, तू दात बघ.

खांबाजवळच्या माणसाने पाटी अर्धी उचलली. तशीच हवेत धरली. मग खाली केली, चित्राकडे आणखी थोडं बघितलं, नोंदणीच्या टेबलावर पाटी परत दिली आणि गेला. मनात म्हटलं, बघा. आता आम्ही दोघंच उरलो, आणि खरा खेळ तेव्हा सुरू झाला. कुजबुजबाईंच्या गिऱ्हाइकाला दम लागत नव्हता. सगळं दालन आमच्याकडे वळून बसलं होतं. नेमकी दोरी तुटायच्या आधी मी नाही म्हणून मान हलवली. साहेबांनी हातोडा मारला. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी कुजबुजबाई सांगत होत्या, गिऱ्हाईक बाई होती, आवाज दबका, पण हट्टाला पेटलेली. मागे एक कुत्रं सारखं भुंकत होतं. मध्येच तिने विचारलं म्हणे, तिथे एसी फार आहे का, लोक स्वेटर घालून बसलेत का? मी म्हटलं, मोठ्या लोकांचं काही सांगता येत नाही. त्यांच्याकडे कुत्री असतातच.

माझ्या साडूकडेही एक आहे. सारखं भुंकतं.

२१ मार्च, शुक्रवार

पेपरात चार ओळी आल्या. 'अनपेक्षित' असा शब्द आहे. साहेबांनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली आणि ताईच्या आणखी दोन चादरी पुढच्या लिलावासाठी मागितल्या.

घरी आलो तर ताई मागच्या खोलीत जमिनीवर बसून नवीन कापड ताणत होती. तोंडात खिळे. चित्र कोण्या बाईने घेतलं, एवढं मी रात्री सांगितलं होतं. खिळे काढून तिने मला विचारलं, कोण होती रे ती बाई? पण बघत होती बायकोकडे. मी म्हटलं, ते आम्हाला सांगता येत नाही. ताई म्हणाली, नको सांगू. फक्त एवढं सांग, ती आपल्या ओळखीतली नाही ना? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नाही. बायको तेव्हा भाजी चिरत होती. बोट कापून घेतलं.

नंतर तिने मला हळूच विचारलं, दुसऱ्या फोनवर कोण होतं? फार चिवट वाटला म्हणे. तिला कसं कळलं, असं मी विचारलं, तर पेपरात वाचलं म्हणाली. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, व्यवसायातलं गुपित आहे. ती माझ्याकडे बघून हसली, मीही हसलो. खूप दिवसांनी घर असं हलकं वाटलं.

२५ मार्च, मंगळवार

संध्याकाळी घरी आलो तर चादर बैठकीच्या खोलीत होती.

दोन हमालांनी दुपारी आणून दिली. विकलेला माल ग्राहकाच्या नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवायचा असतो. बायकोने बहिणीचा पत्ता सांगितला होता, पण ओळखपत्रावरचा पत्ता आमचा, आणि आमचं ऑफिस ओळखपत्रावरच विश्वास ठेवतं. दार ताईने उघडलं. हमाल मला ओळखतात. फोनवाल्या साहेबांच्या, म्हणजे माझ्या, घरी आलोय का आपण, असं त्यांनी तिला विचारलं म्हणे, सही घेतली आणि पाणी पिऊन गेले.

ताई चित्रासमोर खुर्ची घेऊन बसली होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. रडून झालेलं दिसत होतं. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होताना मिळालेले पैसे तिने या चित्रात घातले होते. ताईंची मान खाली जायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

मी तिला म्हटलं, "अगं, पण एवढं वर कशाला जायचं?"

ती म्हणाली, "मी कुठे गेले? तो दुसरा फोनवाला सोडतच नव्हता. कोण मेला होता कोण जाणे."

मी म्हटलं, "मी होतो."

हिशेबाच्या दृष्टीने पाहिलं तर घरातला पैसा घरातच राहिला, वाटेत फक्त कंपनीने दोन्ही बाजूंनी दलाली कापून घेतली. हे मी बोलूनही दाखवलं. बोलायला नको होतं.

ताई उठली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तुझे पैसे मी सगळे परत करते म्हणाली, आणि आपल्या खोलीत गेली.

२६ मार्च, बुधवार

ताई सकाळपासून ब्रश धुतेय. धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवतेय. ताणलेलं कापड तिने चौकटीवरून सोडवलं. दुपारी माझ्या लेकीला फोन केला, खोली मोकळी होतेय, बाळाचा पाळणा आण म्हणाली.

मी खोलीच्या दाराशी जाऊन तिला खांबाजवळच्या माणसाचं सांगितलं. पहिली बोली त्याची होती. आम्ही दोघं मध्ये पडलो नसतो तर त्यालाच मिळालं असतं, राखीव किमतीला साहेबांनी कसंतरी जमवून घेतलं असतं. तो खरा होता. तो बाहेरचा होता.

ताई मागे न वळता म्हणाली, "तू आता आणखी एक माणूस आणून उभा कर."

मी म्हटलं, शपथ घेऊन सांगतो. ती म्हणाली, छातीवर हात ठेवूनही सांगितलं होतंस.

खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. ताई आमच्याकडे आली त्या दिवसापासून घराला तो वास आहे, मला तो कधीच आवडला नाही. आज तो जाईल या विचाराने मी दारात उभा राहून तो छातीभर ओढून घेतला. एका माणसाला हवं होतं, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत निघून गेला. मी त्याला घालवला. आणि मी मनात म्हणालो होतो, बघा.

२८ मार्च, शुक्रवार

ज्यांची बोली हुकते त्यांना नंतर फोन करायचा असतो, तसलंच दुसरं काही हवंय का म्हणून. ते आमचं कामच आहे. पाटीच्या नंबरावरून त्याचं नाव काढलं. पण ऑफिसातून लावला नाही. घरी आलो, मागच्या खोलीत खोक्यावर बसलो, ताई कपाट पुसत होती तिच्या देखत लावला, आणि आवाज मोठा करून ठेवला. बायको दारात.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. मागे धडधड चालू होती. मी माझ्या कामाच्या आवाजात सुरुवात केली तर म्हणाला, मोठ्याने बोला. मी मोठ्याने सांगितलं की ते चादरीचं चित्र ज्यांनी घेतलं ते आता सोडतायत. तुमच्या शेवटच्या बोलीला तुम्हाला मिळू शकेल.

त्याने विचारलं, "का? त्यांना आवडलं नाही का?"

"आवडलंय. फार आवडलंय."

"मग?"

मी म्हटलं, "त्यांच्या घरी त्याच बाईंची बरीच चित्रं आहेत."

ताईचा फडका कपाटावर थांबला होता, पण तिचा चेहरा मला माहीत आहे, तिचा विश्वास बसला नव्हता. हाही माझा कोणीतरी मित्र, असंच तिला वाटत होतं.

मग तो म्हणाला, "घ्यायचंय हो मला. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाहीये. पण एक सांगू का, डावी बाजू जमलेली नाही."

तो सांगतच राहिला. उजवीकडची घडी बघितली की हात लावावासा वाटतो. डावीकडे मात्र त्या बाईंना कंटाळा आला असणार, किंवा घाई झाली असणार. तिथे कापड नाही, तिथे नुसता रंग आहे. दालनात उभं राहून तो तेच बघत होता म्हणे, आणि शेवटच्या वेळी पाटी वर करावी की नाही ते त्यामुळेच ठरेना. त्या डाव्या बाजूसाठी किंमत थोडी कमी करता का?

ताईने माझ्या हातातून फोन घेतला.

मी घाबरलो. इतक्या वर्षांत तिच्या चित्राला कोणी वाईट म्हटलेलं मला आठवत नाही. आम्ही सगळे छानच म्हणत आलो. तिचा चेहरा लालभडक झाला होता. "हे बघा," ती म्हणाली, "डावी बाजू तशी मुद्दाम आहे." पलीकडून तो म्हणाला, तुम्ही कोण? ती म्हणाली, ज्या बाईंना कंटाळा आला ती मी. तो गडबडला नाही. मुद्दाम असेल तर आणखीनच चूक आहे म्हणाला.

बायकोने माझी बाही ओढली आणि आम्ही स्वयंपाकघरात आलो. तिथून सगळं ऐकू येत होतं. ताई तावातावाने बोलत होती, तो पलीकडून धडधडीवर ओरडत होता. तिने त्याला पैसे काही कमी करून दिले नाहीत. रविवारी दुपारी येऊन डावी बाजू उजेडात नीट बघा, मग बोला, असं ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, येतो, पण माझं मत तेच राहील. ती म्हणाली, राहू दे की. आणि मग दोघंही पुन्हा त्या घडीवर आले.

माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती. मी चार्जर नेऊन दिला.